सूज कुठेच दिसत नाही, मग रिपोर्टमध्ये कशी?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४४. ऑफिसतर्फे सगळ्यांची रक्ततपासणी झाली. माझ्या रिपोर्टमध्ये ‘एचएस-सीआरपी ४.८’ हा एकच आकडा ठळक छापलाय आणि शेजारी वर जाणारा बाण. इंटरनेटवर शोधलं तर कॅन्सर, संधिवात, हार्ट अटॅक, सगळंच निघालं. नणंद म्हणाली, ‘अंगात सूज आहे म्हणजे आत काहीतरी शिजतंय.’ पण मला ना ताप, ना सांधेदुखी, ना कुठे सूज. तपासणीच्या आठवडाभर आधी घसा धरला होता, तेवढंच. मी जाड नाही, फक्त पोट सुटलंय. झोप पाच-साडेपाच तास होते. आईला पन्नाशीत डायबेटीस निघाला. बाकीचा रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी सगळी पानं जोडते आहे. ‘दाह कमी करणाऱ्या’ कॅप्सूल मागवल्या आहेत, त्या सुरू करू का? आयएल-६ आणि टीएनएफ या तपासण्याही करून घेऊ का? रात्री झोप लागत नाही. – एक वाचक

उत्तर : सप्रेम नमस्कार. सगळी पानं जोडलीत हे फार बरं केलंत. बहुतेक जण भीती वाटली तेवढाच आकडा कळवतात, आणि मग मला अंधारात चाचपडत उत्तर द्यावं लागतं. तुमच्या रिपोर्टमध्ये ज्या आकड्याला बाण आहे त्याची मला फारशी चिंता वाटत नाही. ज्यांना बाण नाही अशा तीन आकड्यांवर मात्र मी थांबले. त्यांच्याकडे येतेच. आधी तुमची झोप उडवणाऱ्या सीआरपीबद्दल बोलू.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं एक प्रथिन आहे. १९३० मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. न्यूमोनियाच्या जंतूच्या पेशीभित्तीतल्या ‘सी’ नावाच्या घटकाला ते चिकटायचं, म्हणून नाव पडलं सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. शरीरात कुठेही जंतुसंसर्ग, इजा किंवा दाह (नणंद म्हणाली ती ‘अंगातली सूज’) सुरू झाला की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-६ (तुम्ही लिहिलेलं आयएल-६) हा रासायनिक निरोप सोडतात. तो यकृताला पोचला की यकृत सीआरपी बनवायला लागतं. दारावरची घंटा वाजावी तसं हे आहे. कोणीतरी आलंय एवढं कळतं, कोण आलंय ते कळत नाही. गंभीर संसर्गात हा आकडा शंभर-दोनशेच्या वर जातो. तुमचा ४.८ आहे. इतके लहान आकडे जुन्या पद्धतीने नीट मोजता येत नसत, म्हणून ही जास्त संवेदनशील, म्हणजे ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ चाचणी आली. नावातल्या ‘एचएस’चा अर्थ एवढाच.

आता तुमचा घसा. सीआरपी काही तासांत चढतं, दोनेक दिवसांत शिखरावर जातं आणि संसर्ग ओसरला की उतरू लागतं. रक्तातलं निम्मं सीआरपी साधारण १९ तासांत नाहीसं होतं. पण घसा बरा वाटला म्हणजे आतलं सगळं काम त्याच दिवशी थांबलं असं होत नाही. त्यामुळे आजारपणानंतर आठवड्याभरात काढलेल्या ४.८ वर मी कुठलाच निष्कर्ष काढणार नाही. पूर्ण बरं वाटल्यावर निदान दोन आठवडे जाऊ द्या आणि चाचणी पुन्हा करा. आदल्या दिवशी अंग मोडून येईल असा व्यायाम नको, त्यानेही आकडा वर जातो. दोन वेळच्या आकड्यांची सरासरी धरायची. एकच्या खाली असेल तर हृदयविकाराच्या दृष्टीने धोका कमी, एक ते तीन मध्यम, तीनच्या वर जास्त, असा ढोबळ हिशेब आहे. दहाच्या वर गेला तर तो या हिशेबात धरतच नाहीत, आधी संसर्ग किंवा दुसरा आजार शोधतात. हे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमधले. काही प्रयोगशाळा प्रति डेसिलिटर छापतात, तिथे तुमचाच ४.८ हा ०.४८ दिसेल. पुढचा रिपोर्ट दुसऱ्या प्रयोगशाळेतून आला आणि आकडा एकदम दहापट उतरलेला दिसला, तर आनंद होण्याआधी एकक पाहा. गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या पोटातून घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, इस्ट्रोजेनमुळे सीआरपी वाढतं.

कॅन्सरबद्दल थेट सांगते, कारण तीच भीती तुम्हाला रात्री जागवते आहे. ४.८ या आकड्यावरून कॅन्सर आहे किंवा नाही, यातलं काहीच ठरत नाही. ही ती तपासणीच नव्हे. प्रयत्न न करता वजन उतरणं, आठवडेच्या आठवडे ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम, कुठे न दुखणारी गाठ, शौचातून रक्त, सकाळी तास-तासभर आखडून राहणारे सुजलेले सांधे, यातलं काही असतं तर सीआरपी अगदी ०.५ असतं तरी मी तुम्हाला लगेच डॉक्टरांकडे पाठवलं असतं. यातलं काहीही तुम्ही लिहिलेलं नाही. सीआरपीवरून कॅन्सरपर्यंत पोचणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं आहे, आणि तुमच्यासारख्या कितीतरी जणींना एका बाणाने तिथवर नेलेलं मी पाहिलंय.

ईएसआर, म्हणजे रक्तपेशी खाली बसण्याचा वेग, ही दाहाचीच जुनी तपासणी. तोही तुम्ही लाल शाईने अधोरेखित केलाय, २२. स्त्रियांसाठी जुना ठोकताळा असा : वयात दहा मिळवा आणि निम्मं करा. तुमच्यासाठी ते येतं २७. म्हणजे २२ मध्ये काही वावगं नाही. शिवाय तुमचं हिमोग्लोबिन ११.३ आहे, आणि रक्त कमी असलं की ईएसआर थोडा वर सरकतोच. त्या हिमोग्लोबिनकडे मात्र दुर्लक्ष करू नका. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ३८ पाहून ‘लोह ठीक आहे’ असं वाटेल, पण दाह असताना फेरिटिन फुगून दिसतं. म्हणूनच दाह असलेल्या प्रौढांमध्ये ते ७० च्या खाली असेल तरी लोहाची कमतरता असू शकते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

आता ते बाण नसलेले तीन आकडे.

उपाशीपोटीची साखर १०८. प्रयोगशाळेने शेजारी ७० ते ११० अशी मर्यादा छापलीय, त्यामुळे बाण नाही. एचडीएल, म्हणजे ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ४३. शेजारी ‘४० च्या वर’ छापलंय, म्हणून तिथेही बाण नाही. ती मर्यादा पुरुषांची आहे, स्त्रियांसाठी ५० धरतात. आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातल्या चरबीचा एक प्रकार, १८२, शेजारी बारीक अक्षरांत ‘बॉर्डरलाइन’. एकेक आकडा सुटा पाहिला तर कोणीही म्हणेल, चालायचंच. पण हे तिन्ही एकत्र आले की त्याला नाव आहे : मेटाबॉलिक सिंड्रोम.

याची व्याख्या सरळ आहे. पाच गोष्टी मोजायच्या. उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषात ४० आणि स्त्रीत ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त (वरचा किंवा खालचा, कोणताही एक), आणि कंबरेचा घेर. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी ही घेराची मर्यादा पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटर आहे. पाचपैकी तीन असले की मेटाबॉलिक सिंड्रोम. तुमचे तीन रक्तातच मिळाले. रक्तदाब १२८/८४ लिहिलाय, म्हणजे रेषेच्या अगदी काठावर. आणि कंबर कोणी मोजलेलीच नाही! हजारो प्रकारचे रेणू मोजणारी यंत्रं आहेत, पण कंबरेला टेप लावायला कोणाला सवड नसते, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तुम्ही लिहिता, ‘मी जाड नाही, फक्त पोट सुटलंय.’ या ‘फक्त’पाशी मी थांबले, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तिथेच आहे. सूज कुठे आहे असं विचारता ना? बहुधा तिथे.

चरबी म्हणजे नुसता साठा, निपचित पडलेलं कोठार, असं पूर्वी मानत. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी साखर, रक्तदाब आणि रक्तातल्या चरबीचे बिघाड एकत्र का आढळतात, याचं मूळ शरीर इन्सुलिनला दाद देत नाही यात आहे असं मांडलं आणि या समूहाला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं. पण इन्सुलिनला दाद का मिळत नाही? १९९३ मध्ये गोखान होतामिस्लिगिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा हा दाहाचा रेणू तयार होतो, आणि तो अडवला की इन्सुलिन पुन्हा बरं काम करू लागतं. दहा वर्षांनी, २००३ मध्ये, आणखी एक गोष्ट उघड झाली. वाढलेल्या चरबीत मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी मोठ्या संख्येने येऊन बसतात. चरबीच्या पेशी क्षमतेपलीकडे फुगतात, काही मरतात, आणि या पेशी त्यांच्याभोवती कडं करून बसतात. जंतू नसताना चाललेली ही लढाई असते. मंद, वर्षानुवर्षं चालणारी. दुखत नाही, तापत नाही, डोळ्यांना दिसत नाही.

पोटातल्या आतड्यांभोवतीची चरबी यात सगळ्यात त्रासदायक, कारण तिथलं रक्त थेट यकृताकडे जातं. तिने सोडलेली मेदाम्लं आणि इंटरल्यूकिन-६ आधी यकृताला भेटतात. यकृत मग सीआरपी बनवतं, जास्त साखर रक्तात सोडतं, ट्रायग्लिसराइड भरून रक्तात पाठवतं. ट्रायग्लिसराइड वाढलं की एचडीएल उतरतं. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधले चारही आकडे, बाणवाला एक आणि बिनबाणाचे तीन, बहुधा एकाच ठिकाणाहून निघालेत. वजनाचा काटा नॉर्मल असूनही हे होऊ शकतं. हात-पाय बारीक आणि पोट तेवढं पुढे, अशी ठेवण असणाऱ्यांना ‘तुला काय धाड भरलीय’ असं म्हणून जन्मभर कोणी तपासत नाही.

हा संबंध किती पक्का आहे ते एका अभ्यासातून छान कळतं. पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १४,७१९ निरोगी वाटणाऱ्या अमेरिकन स्त्रियांची माहिती मांडली. त्या पाच निकषांपैकी एकही नसलेल्या स्त्रियांचं मधलं सीआरपी ०.६८ होतं. एक निकष असेल तर १.०९, दोन असतील तर १.९३, तीन असतील तर ३.०१, चार असतील तर ३.८८, आणि पाचही असतील तर ५.७५. पायरी पायरीने चढत गेलेले आकडे. तुमचं घशाचं दुखणं वजा झाल्यावर पुढचा आकडा तीनच्या आसपास आला, तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही.

आता कॅप्सूल. नका सुरू करू. माझं कारण हे की तुम्ही घंटेचा आवाज बंद करायला निघाला आहात. ज्यांना जन्मतःच जनुकांमुळे सीआरपी थोडं जास्त असतं, त्यांना त्या कारणाने हृदयविकार जास्त होतो का, हे मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलंय. होत नाही. सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही. त्याच्या वरच्या पायरीवर, इंटरल्यूकिन-१-बीटा या रेणूवर, घाव घालून पाहिला तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कँटोस या चाचणीत. हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी दोन किंवा जास्त असलेले १०,०६१ रुग्ण त्यात होते. कॅनाकिनुमॅब हे औषध टोचल्यावर सीआरपी उतरलं, हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे मिळून साधारण १५ टक्क्यांनी घटले, पण जीवघेणे संसर्ग वाढले. आणि तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं : डायबेटीसच्या उंबरठ्यावर असलेल्यांना त्या औषधाने डायबेटीस होण्यापासून वाचवलं नाही. इतक्या नेमक्या औषधाने दाह कमी करूनही साखरेचा रस्ता बदलला नाही. मग बाटलीवर ‘दाहनाशक’ लिहिलेल्या कॅप्सूलकडून काय अपेक्षा करायची? वेदनाशामक गोळ्या रोज घेऊन आकडा पाडायचा विचार तर चुकूनही करू नका. त्या पोटात जखम करतात, मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि रक्तदाब वाढवतात, आणि तुमचा रक्तदाब आधीच काठावर आहे.

आयएल-६ आणि टीएनएफच्या तपासण्याही नकोत. त्यांचे आकडे दिवसभरात वरखाली होतात, आणि जो काही आकडा येईल त्याने तुमच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही. आयएल-६ तर व्यायामाच्या वेळी स्नायूंतूनही सुटतं, आणि तिथे त्याचं काम दाह शमवण्याच्या बाजूचं असतं.

त्या पैशात आणि वेळात दुसऱ्या गोष्टी करा. एचबीए१सी करून घ्या. गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी त्यातून कळते, आणि ५.७ ते ६.४ आलं तर डायबेटीसच्या आधीची पायरी. तुमचं हिमोग्लोबिन कमी असल्याने हा आकडा थोडा फसवू शकतो, म्हणून सोबत उपाशीपोटीची साखर पुन्हा हवीच. एएलटी (यकृताची एक तपासणी) आणि थायरॉइडची तपासणी झालेली दिसत नाही, ती करा. यकृतात चरबी साठली आहे का हे डॉक्टरांना विचारा. रक्तदाब एकदा मोजून सोडू नका, आठवडाभर वेगवेगळ्या वेळी, पाच मिनिटं शांत बसून मोजा. एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल), रक्तदाब, वय आणि घरचा इतिहास एकत्र पाहून स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाची गरज आहे का ते डॉक्टर ठरवतील. त्या निर्णयात दोन किंवा त्याहून जास्त सीआरपी आणि मेटाबॉलिक सिंड्रोम, दोन्हींचं वजन पडतं, म्हणून पुढचं सीआरपी वाया जाणार नाही.

आणि दंतवैद्याकडे जा. हे ऐकून नवल वाटेल, पण ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत असेल तर तोही दाहच आहे, रोजचा. तो सीआरपी वाढवतो, आणि बरा करता येतो. तंबाखू कोणत्याही रूपात असेल तर ती सुटायला हवी. झोपेबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण पाच-साडेपाच तास ही छोटी गोष्ट नाही. अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचं काम बिघडतं आणि भूक वाढते. घोरता का, श्वास अडकून दचकून जाग येते का, हे घरच्यांना विचारा. तसं असेल तर झोपेची तपासणी करायला हवी.

खाण्यापिण्याबद्दल लांब यादी देत नाही, तुमच्या घरात काय शिजतं ते तुम्हालाच ठाऊक. ट्रायग्लिसराइड ज्यांचं वाढलंय त्यांनी गोड पेयं आणि मद्य आधी सोडावं, कारण दोन्हींचं यकृतात सरळ चरबीत रूपांतर होतं. बाकी वाढलेलं ताट थोडं लहान आणि त्यात भाज्या, डाळी जास्त, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. चालणं मात्र आजपासून. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून जेवणानंतरची पंधरा मिनिटंसुद्धा कामाची असतात. आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम घाला.

हे सांगताना मी अंदाजाने बोलत नाही. अमेरिकेतल्या डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये ३,२३४ लोक होते, सगळे डायबेटीसच्या उंबरठ्यावरचे. २००२ मध्ये निकाल आला. शरीराच्या वजनाच्या सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखी हालचाल, एवढं लक्ष्य दिलेल्या गटात डायबेटीस ५८ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिन या डायबेटीसच्या गोळीच्या गटात ३१ टक्क्यांनी. तुमच्या आईच्या वाट्याला ही माहिती तिच्या वेळी आली नसेल. तुमच्या हातात ती सहा वर्षं आधी आली आहे. घरात डायबेटीस आहे म्हणून तो तुम्हाला होणारच, असं मनात धरून बसू नका.

टेप कसा लावायचा ते सांगते. उभं राहा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवा धरा, पोट आत ओढू नका, सहज श्वास सोडून झाला की आकडा वाचा आणि तारखेसह लिहून ठेवा. महिन्यातून एकदा पुरे. वजन हललं नाही तरी हा आकडा दोन-तीन सेंटिमीटरने उतरलेला दिसू शकतो, आणि ट्रायग्लिसराइड बहुधा सगळ्यात आधी खाली येतं. तीन महिन्यांनी साखर, लिपिड (कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड वगैरे) आणि एचएस-सीआरपी एकाच प्रयोगशाळेत, घसा-सर्दी काही नसताना, पुन्हा करा. डॉक्टरांकडे जाताना आत्ताचा रिपोर्ट, रक्तदाबाची वही आणि कंबरेचे आकडे, तिन्ही सोबत न्या. त्या कॅप्सूलची पेटी अजून फोडली नसेल तर परत पाठवून द्या.